लाळेचा हिशेब

“गाठ काढली, टाके सुकले, सर्जन म्हणाले सगळं निघालं. मग आता लाईट कशाला?”

हा प्रश्न आत्याच्या धाकट्या दिरांचा, म्हणजे भाऊजींचा. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. ऑपरेशनला तीन आठवडे झालेले आणि डॉक्टरांनी तीस लाईट सांगितलेले. आमच्याकडे रेडिएशनला बहुतेक जण लाईटच म्हणतात, काही जण शेक म्हणतात. भाऊजींना ते नको होतं. ते आत्याला विचारत होते, कारण आत्याने तेच भोगलंय. आणि आत्या माझ्या ताईला विचारत होती, कारण ताईचं कामच ते आहे.

ताई डॉक्टर नाही, मेडिकल फिजिसिस्ट आहे. कॅन्सर कुठे होता, कुठे लपलेला असू शकतो, मज्जारज्जू कुठे आणि लाळेच्या ग्रंथी कुठे, हे सगळं डॉक्टर सीटी स्कॅनवर आखून देतात. मग किरण कुठल्या दिशांनी, किती वेळ आणि कुठल्या आकारात सोडायचे, हे संगणकावर जुळवते ती ताई. थोडक्यात, कुणाच्या कुठल्या निरोगी भागाला किती मार बसणार हे आधी तिला दिसतं. आत्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. आयुष्यभर चौथीपर्यंतच्या मुलांना दात घासायला शिकवलं आणि स्वतः गुपचूप मिश्री लावली, हे ती आता न विचारताही सांगते.

भाऊजींना काय सांगायचं, एवढंच ठरवायला दोघी बसल्या होत्या. मी मध्ये होतो. बोलणं बरंच लांबलं. त्यातलं मला महत्त्वाचं वाटलं ते देतो. मध्ये मध्ये माझीही लुडबुड आहे.

ताई: त्यांच्या रिपोर्टमध्ये आणखी एक ओळ आहे. मानेतल्या दोन गाठींमध्ये कॅन्सर सापडलाय, आणि एकीत तो गाठीचं कवच फोडून बाहेर आलाय. सर्जनला दिसतं तेवढं तो काढतो. एकेकट्या पेशी त्याला दिसत नाहीत, स्कॅनलाही दिसत नाहीत. कवच फुटलेलं असलं की नुसत्या रेडिएशनवर भागत नाही, बरोबर सिसप्लॅटिन हे केमोचं औषधही देतात. युरोपात आणि अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या झाल्या होत्या, २००४ साली निकाल आले. तेव्हापासून ही रीतच आहे. यात ‘नको’ म्हणायला जागा नाही, आत्या.

आत्या: नको म्हणा असं मी त्यांना सांगणारच नाहीये. मी घेतलं म्हणून आज इथे बसून तुझ्याशी भांडतेय. मला एवढंच म्हणायचंय, की घेताना काय काय जाणार हे त्यांना आधी कळू दे. मला कळलं नव्हतं.

ताई: फॉर्मवर सही घेतली असेल की.

आत्या: घेतली. इंग्रजी फॉर्म. मागे रांग लागलेली, डॉक्टर पोरगेला, डोळे तारवटलेले. “तोंड थोडं कोरडं पडेल, नंतर सुधारतं,” म्हणाला. थोडं! रात्री दोनदा उठून पाणी प्यावं लागतं. कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही. लग्नात पंगतीला बसले की शेजारीण विचारते, “जेवत का नाही?” दोन बोटं जातील एवढंच तोंड उघडतं. चार वर्षांत दातांची माती झाली. हे सगळं ‘थोडं’ या शब्दात बसवलं होतं त्याने.

इथे लाळेविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं भांडण तिच्याभोवतीच फिरलं. निरोगी माणसाला दिवसभरात अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती दातांवर सतत वाहून आम्ल धुते, घास ओला करते, चव जिभेपर्यंत नेते. जेवताना सुटणारी पातळ लाळ मुख्यतः कानापुढच्या पॅरोटिड ग्रंथींतून येते. आता यातली गंमत. किरणांचा मार भराभर वाढणाऱ्या पेशींना लवकर जाणवतो, हा या शास्त्रातला ढोबळ नियम. पॅरोटिडच्या पेशी फार सावकाश विभागतात. नियमाप्रमाणे त्यांनी तग धरायला हवा. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात लाळ कमी व्हायला लागते. असं का, यावर अजून वाद आहेत. नियमाला न जुमानणाऱ्या या पेशींनी आत्याची भाकरी तोडली.

आत्या: मला एक सांग, किरणांना कॅन्सर कुठला आणि चांगलं मांस कुठलं हे कळतं का?

ताई: अजिबात नाही. किरण पेशीत शिरतात, आतल्या पाण्याचे तुकडे करतात, ते तुकडे डीएनएवर तुटून पडतात. काही वेळा किरण थेटही तोडतात. डीएनएच्या दोन पट्ट्यांपैकी एक तुटली तर पेशी दुसरीकडे बघून जोडून घेते. दोन्ही एकाच जागी तुटल्या की कठीण. एका बैठकीत २ ग्रे देतात. तेवढ्यात प्रत्येक पेशीत सत्तर-ऐंशी ठिकाणी दोन्ही पट्ट्या तुटतात. कॅन्सरच्याही आणि वाटेत येणाऱ्या चांगल्या पेशींच्याही.

आत्या: आणि ग्रे म्हणजे किती?

ताई: किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. ऊर्जा म्हणून बघितलं तर हसू येईल. सत्तर किलोच्या माणसाच्या सगळ्या अंगावर एकदम ४ ग्रे पडले आणि उपचार मिळाले नाहीत, तर अशा माणसांतली निम्मी मरतात. आणि ती ऊर्जा असते गरम चहाच्या एका लहान घोटाएवढी. उष्णतेने कोणी मरत नाही, ती ऊर्जा नेमकी कुठे पडते त्याने मरतं. भाऊजींना ६० ग्रे आहेत.

आत्या: अगं! मग ते जगतील कसे?

ताई: सगळ्या अंगाला नाहीत, फक्त गालाला आणि मानेला. आणि एकदम नाहीत, तीस दिवसांत वाटून. सगळी किमया त्या वाटण्यात आहे.

ही किमया कुणाला कशी सापडली ते ताईने सांगितलं आणि मला ती गोष्ट फार आवडली, म्हणून इथे थोडा रेंगाळतो. एक्स-रे सापडले १८९५ साली. पुढच्याच वर्षापासून लोक ते कॅन्सरवर वापरू लागले. एकाच बैठकीत मोठा डोस द्यायचे. गाठ विरघळायची, पण तिच्यावरची कातडीही जळून जायची आणि काही महिन्यांनी खालचं मांस सडायचं. पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो या शास्त्रज्ञाने एडक्यांवर प्रयोग केले. वृषणात शुक्रजंतू सतत तयार होत असतात, तेव्हा भराभर वाढणाऱ्या कॅन्सरच्या जागी वृषण धरायचं आणि वरच्या कातडीला निरोगी मांस म्हणायचं, अशी कल्पना. एडक्याला एका बैठकीत वांझ करायला गेलं तर कातडी भाजल्याशिवाय राहत नव्हती. तेच किरण काही दिवसांत विभागून दिले तर एडका वांझ व्हायचा आणि कातडी टिकायची. रेगोचा सहकारी आंरी कुतार याने १९२०च्या दशकात हीच रीत घशाच्या कॅन्सरला लावली. तोवर ज्यांच्या घशापुढे सर्जन हात टेकायचे, त्यांतली काही माणसं बरी होऊन घरी जाऊ लागली. भाऊजींचे तीस दिवस थेट त्या एडक्यांकडून आलेत.

ताई: दोन बैठकांमध्ये चांगल्या पेशींना दुरुस्तीला वेळ मिळतो. कॅन्सरच्या पेशीही दुरुस्ती करतात, पण बहुतेकदा तेवढी नीट नाही. दर दिवशी थोडा फरक पडतो. तीस दिवसांत तो साचून एवढा होतो, की एक बाजू मरते आणि दुसरी जखमी होऊन उभी राहते.

आत्या: जखमी होऊन. हे म्हणालीस ते बरं केलंस.

ताई: मी कधी नाकारलं? रेडिएशनमध्ये निरोगी भाग वाचत नसतो. तो कमी मरतो. या ‘कमी’वर आमचा सगळा धंदा चालतो.

आत्या: मग हेच, याच शब्दांत भाऊजींना सांग ना.

ताई: नाही सांगणार.

आत्या चमकली, मीही चमकलो. ताई एरवी काही लपवणारी नाही.

ताई: ऐक. पहिले दोन आठवडे फारसं काही जाणवत नाही. माणसाला वाटतं, उगाच घाबरलो. तिसऱ्या आठवड्यात तोंड येतं. चौथ्यात तोंडभर पांढरे चट्टे, गिळताना काच गिळल्यासारखं. तू हे सगळं बघितलंयस. नेमका तेव्हाच घरी सण असतो, नाहीतर शेतात सुगी. माणूस म्हणतो, चार दिवस गावी जाऊन येतो, तोंड बरं झालं की उरलेले घेतो. आणि चौथ्या आठवड्याच्या सुमाराला आत उरलेल्या कॅन्सरच्या पेशी भराभर वाढायला लागतात. मार खाऊन उरलेल्याच जास्त जोमाने उठतात. तोंडा-घशाच्या कॅन्सरमध्ये उपचार एक दिवस लांबला की गाठ काबूत राहण्याची शक्यता टक्का-सव्वा टक्का कमी होते. आठवडाभर गावी गेला तर हिशेब तूच कर. मी असे कितीतरी प्लॅन केलेत, जे सोळाव्या नाहीतर अठराव्या बैठकीला थांबले. अर्धवट घेतलेलं रेडिएशन म्हणजे मार पूर्ण आणि फायदा नाही. आधीच घाबरलेल्या माणसाला जबडा सडतो, लाळ जाते, दात जातात असं सांगितलं तर तो येणारच नाही, नाहीतर मध्येच पळेल. तो जगला तर लाळेचं दुःख करेल ना?

आत्या: झालं तुझं बोलून? आता माझं ऐक. मी पळाले होते.

ताई: काय?

आत्या: तुला ठाऊक नाही. तुझ्या काकांनी कुणाला सांगू दिलं नाही. विसाव्या लाईटनंतर मी घरी निघून आले. पाच दिवस. कशामुळे? मला कोणी घाबरवलं होतं म्हणून नव्हे. मला वाटलं, काहीतरी बिघडलंय. डॉक्टर ‘थोडं’ म्हणाला होता आणि इथे तर तोंडाची साल निघत होती. म्हणजे मशीन चुकलं असेल, डोस जास्त गेला असेल, मी मरणार असेन. चौथ्या आठवड्यात असंच होतं, सगळ्यांना होतं, आणि संपल्यावर महिना-दोन महिन्यांत भरतं, एवढं कोणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर मी दात-ओठ खाऊन बसले असते. बाळंतपणात नाही का आपण सोसत? कारण शेवट ठाऊक असतो. तू म्हणतेस, सांगितलं तर पळतात. मी सांगते, न सांगितल्याने पळतात.

ताई गप्प बसली. एका गोष्टीपुरती आत्या जिंकली, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं. पण एका गोष्टीपुरतीच. तोंड येणं तात्पुरतं असतं, आणि आत्याचा बाळंतपणाचा दाखला त्याला चपखल बसतो. लाळ, दात आणि जबड्याचं हाड यांची गोष्ट वेगळी. तिथे असा शेवट नाही. लाळ वर्षा-दोन वर्षांत जेवढी परतेल तेवढी परतते, त्यानंतर फारसं काही बदलत नाही. आणि जबडा तर उपचारानंतर कित्येक वर्षांनी दगा देऊ शकतो. किरणांनी हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आटलेल्या असतात. दात काढला की जखम भरत नाही, हाड उघडं पडतं. शरीराचे दोन जमाखर्च वेगवेगळे चालतात. तोंडाची त्वचा, केस, रक्त यांचा तिथल्या तिथे मिटतो. हाड, मज्जारज्जू, मूत्रपिंड, मेंदू यांची उधारी उशिरा वसूल होते, आणि ती किती हे मुख्यतः एकेका बैठकीचा डोस केवढा होता यावर ठरतं. म्हणून तर २ ग्रे. रोज ४ ग्रे देऊन पंधरा दिवसांत मोकळं करता आलं असतं. पण पुढे मानेतलं मांस दगडासारखं झालं असतं. स्तनाच्या कॅन्सरमध्ये मात्र बैठका कमी करून चालतं हे इंग्लंडमधल्या चाचण्यांनी दाखवलं आहे. तिथे आधी पंधरा झाल्या, आणि २०२० सालच्या एका चाचणीने बऱ्याच बायकांना पाच बैठकांत, २६ ग्रेमध्ये मोकळं केलं. एका अवयवाचा नियम दुसऱ्याला लावता येत नाही, ही या शास्त्राची खोड आहे.

आत्या: बरं, मला हे सांग. माझ्या वेळी तुझं ते आखणं-बिखणं होतं का?

ताई: तू कोबाल्ट मशीनवर घेतलंस. डावीकडून एक झोत, उजवीकडून एक. मधे जे येईल ते सगळं त्यात. दोन्ही पॅरोटिड मधे होत्या.

आत्या: म्हणजे माझी लाळ मशीनच्या किमतीत गेली.

ताई: असं म्हणू नकोस. कोबाल्टने या देशातली किती माणसं जगवली असतील! आपल्या बीएआरसीने स्वतःचं कोबाल्ट मशीन बनवलं, भाभाट्रॉन, कारण बाहेरचं परवडत नव्हतं. वीज रोज जाणाऱ्या गावात लिनॅक, म्हणजे विजेवर किरण तयार करणारं मशीन, टिकत नाही, कोबाल्ट टिकतो. सव्वापाच वर्षांत त्याचा जोर निम्मा होतो आणि बैठकीला वेळ जास्त लागतो, एवढंच. पण खरंय, आता भाऊजींना आयएमआरटी देता येईल. टंगस्टनच्या पात्या आत-बाहेर सरकतात आणि झोताचा आकार क्षणाक्षणाला बदलतो. ग्रंथीला वळसा घालून जाता येतं. इंग्लंडमध्ये याची चाचणी झाली, निकाल आले २०११ साली. जुन्या पद्धतीत वर्षभराने शंभरात ७४ जणांचं तोंड त्रास होण्याइतकं कोरडं होतं. आयएमआरटीत ३८ जणांचं.

आत्या: म्हणजे ३८ जणांचं अजूनही होतंच.

ताई: हो.

आत्या: आणि वळसा घालून गेलेले किरण जातात कुठे?

कोणत्याही फिजिसिस्टला विचारावा असाच प्रश्न होता. आत्याने कधीकाळी मुलांना शिकवलेलं बेरीज-वजाबाकीचं गणित तिला इथे उपयोगी पडलं. ताई हसली.

ताई: जातात दुसरीकडे. मानेच्या मागे, डोक्याच्या मागच्या भागाला, थोडे थोडे. त्याच चाचणीत आयएमआरटीवाल्यांना उपचार चालू असताना थकवा जास्त आला. ७४ टक्क्यांना, आणि जुन्या पद्धतीत ४१. एका जागचा मार कमी केला की तो पातळ होऊन जास्त जागेवर पसरतो. खारघरला आता प्रोटॉनचं मशीन आहे. प्रोटॉन ठरावीक खोलीवर जाऊन थांबतात, पलीकडे जवळजवळ काही जात नाही. पण ते लहान मुलांना, मेंदूच्या किंवा मणक्याच्या गाठींना आधी. भाऊजींच्या गालासाठी ते हवंच असं नाही.

आत्या: मग तू ठरवतेस कसं? काय वाचवायचं, काय सोडायचं?

ताई: क्रम असतो. पहिला मज्जारज्जू. त्याला पन्नास ग्रेच्या वर जाऊ द्यायचं नाही. पन्नासला पांगळं होण्याची भीती हजारात दोघांना, त्यापुढे ती चढत जाते. मग कॅन्सरची जागा, तिथे डोस कमी पडता कामा नये. मग जबडा. मग लाळ. पॅरोटिडला सरासरी २६ ग्रेच्या आत ठेवायचा प्रयत्न. जमलं तर जमलं. भाऊजींची डावी ग्रंथी कॅन्सरच्या बाजूला आहे, ती मी सोडून देणार. उजवी वाचवणार.

आत्या: हा क्रम कोणी लावला?

ताई: डॉक्टरांनी. इतक्या वर्षांच्या अनुभवाने.

आत्या: मलाही तोच लावावा लागला असता. पांगळी होऊन भाकरी खाण्यात काय अर्थ? पण शेवटच्या पायरीवर येऊन ‘जमलं तर जमलं’ म्हणताना समोरच्याला विचारावं. एखादा गवई असेल. एखादा हलवाई असेल, चव गेली तर पोट जाईल त्याचं. भाऊजी भजनात गातात. तुझ्या संगणकावर ते दिसतं का?

ताई: नाही दिसत. पण आत्या, दिसलं तरी मी काय करू? गळा वाचवायला मानेतल्या गाठींचा डोस कमी करू?

आत्या: करू नकोस. पण त्यांना सांग, की गळ्याला मार बसणार आहे, आणि का बसणार आहे.

मला वाटतं, दोघी एकाच गोष्टीकडे दोन टोकांकडून बघत होत्या आणि गोची मध्ये होती. ताईच्या तक्त्यातले आकडे भिंतीसारखे वाटतात. पन्नासच्या आत सुरक्षित, बाहेर धोका. तसं काही नसतं. तो आकडा म्हणजे कोणीतरी ठरवलेली जोखीम असते. हृदयाचं उदाहरण स्वच्छ आहे. डाव्या स्तनाचा कॅन्सर असेल तर किरणांच्या वाटेत हृदयाचा कोपरा येतो. सेरा डार्बी आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं, की हृदयाला मिळालेल्या सरासरी दर एका ग्रेमागे हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यांचं प्रमाण साधारण ७ टक्क्यांनी वाढतं, आणि खाली अशी कुठलीही रेषा सापडत नाही जिच्याखाली धोका शून्य आहे. म्हणून आता बाईला छातीभर श्वास घेऊन रोखायला सांगतात. फुप्फुस फुगतं, हृदय खाली-मागे सरकतं, तेवढ्यात किरण सोडतात. बाई श्वास रोखते म्हणजे ती उपचारात भागीदारच झाली. तिला कारण सांगावंच लागतं, नाहीतर ती रोखणार नाही. लाळेच्या बाबतीत रुग्णाकडून काही करून घ्यायचं नसतं, म्हणून सांगायचं राहून जातं, असा माझा तर्क आहे.

ताई: आपल्या टाटा हॉस्पिटलमध्येच एक चाचणी झाली होती, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरवर. ऑपरेशननंतर रेडिएशन लागलेल्या तीनशे बायका. निम्म्यांना जुन्या पद्धतीने, निम्म्यांना आयएमआरटीने, रोज स्कॅन करून. तीन वर्षांनी आतड्यांचा जाचक त्रास जुन्या पद्धतीत ४२ टक्के, नव्यात २१. आपल्याच बायका, आपलेच डॉक्टर. हे झालं म्हणून आज त्या मशीनसाठी भांडता येतं. तुझं म्हणणं खरं असलं तरी सुधारणा अशी होते, आत्या. मोजून होते.

आत्या: चांगलं केलं. त्या बायकांना आधी सगळं सांगितलं होतं?

ताई: चाचणीत सांगावंच लागतं. तसं बंधनच आहे. त्यांच्या भाषेत छापील कागद, काय होऊ शकतं त्याची यादी, प्रश्न विचारायला वेळ, आणि वाटलं तर मधेच बाहेर पडायची मुभा.

आत्या: आणि चाचणीत नसलेल्या बाईला?

ताई: ...

आत्या: म्हणजे तुमच्या प्रयोगात आले असते तर मला सगळं कळलं असतं. नुसती बरी व्हायला आले म्हणून नाही कळलं.

यावर ताई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, एका मशीनवर दिवसाला किती जण असतात हे तुला माहीत नाही. तेही खरंच आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेमुळे ज्यांना पूर्वी रेडिएशन स्वप्नातही नव्हतं ती माणसं आता रांगेत आहेत, आणि रांग लांबणं हे इथे यशाचं लक्षण आहे. प्रत्येकाला अर्धा तास समजावायचं तर रांगेतल्या शेवटच्या माणसाचे सहा आठवडे उलटून जातील. ऑपरेशननंतर सहा आठवड्यांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं, ही घड्याळाची टिकटिक सगळ्यांच्या मागे असते. आत्याला हे पटलं नाही. ती म्हणाली, डॉक्टरला वेळ नसेल तर माझ्यासारख्या दोघी-तिघी बसवा बाकावर, आम्ही सांगतो. ताई म्हणाली, तुम्ही घाबरवाल. आणखी थोडी चकमक झाली. ती इथे देत नाही.

शेवटी मुद्दा भाऊजींवर आला.

ताई: एक गोष्ट तू माझी ऐक. तू त्यांच्याशी बोल. मुख्य एकच सांग, सुरू केलं की मध्ये सोडायचं नाही. वजन पाच किलोच्या वर उतरलं तर चेहरा हलू नये म्हणून घालतात तो साचाच सैल होतो, चेहरा आत हलतो, सगळी आखणी परत करावी लागते. नाकातून नळी टाकायची म्हणाले तर टाकू द्यायची. त्यात कमीपणा नाही.

आत्या: ते सांगेन. मीठ-सोड्याच्या पाण्याच्या गुळण्या दिवसातून आठ-दहा वेळा, तेही सांगेन. तंबाखू बंद, हे त्यांना देवानेच सांगितलंय. तोंड उघडायचा व्यायाम पहिल्या दिवसापासून, आईस्क्रीमच्या काड्या एकावर एक दातांत धरून. मला तो कोणी सहा महिन्यांनी सांगितला, तोवर जबडा आखडला होता. थायरॉईडची तपासणी दर सहा महिन्यांनी, हेही मला उशिरा कळलं. आणि जबड्याच्या हाडाचं सांगेन.

ताई: ते नको. शंभरात थोड्या जणांना होतं. त्यांना वाटेल, आपल्याला होणारच.

आत्या: सांगेन. कारण ते सांगितलं नाही तर ते आधी दात दाखवणार नाहीत. त्यांचे खालचे दोन हलतात, मला माहीत आहे. लाईट घेतल्यावर ते दोन काढायची वेळ आली तर?

ताईने पहिल्यांदाच मोबाईलमधलं कॅलेंडर उघडलं. ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते. दात काढले तर जखम भरायला दोन आठवडे द्यावे लागतात. साचा बनवायचा, स्कॅन करायचा, प्लॅन करायचा, तो तपासायचा, यात आणखी आठवडा. म्हणजे सहाच्या सहा भरले. एक दिवस इकडे-तिकडे करायला जागा नाही.

ताई: उद्याच दाताच्या डॉक्टरांकडे न्यायला हवं. पण आत्या, ते म्हणाले चार काढावे लागतील, आणि जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर? शुगर आहे त्यांना. थांबायचं की सुरू करायचं? थांबलो तर कॅन्सर पुढे जातो, सुरू केलं तर जबडा धोक्यात.

आत्या: ते मला काय विचारतेस? तुझ्या डॉक्टरांना विचार.

ताई: विचारते. काय म्हणतात ते कळवते तुला.

आत्या: मला नको. भाऊजींना कळव.